भवानीचं प्यादं

नवापूरची पुष्पलता पागधरे ही मासे विकणारी बाई पन्नाशी उलटल्यावर बुद्धिबळ शिकली, असं मी कोणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग म्हणतो, "वा! काय जिद्द! पेपरात यायला पाहिजे." मला दोन्हींचा सारखाच राग येतो. हसणाऱ्याला वाटतं, मासेवालीला पट काय कळणार. वा वा करणाऱ्याला वाटतं, बाई हौसेनं शिकली. हौस करायला तिला उसंत कुठे होती? नवऱ्याशी बोलायची दुसरी वाटच उरली नव्हती, म्हणून ती शिकली.

नवरा म्हणजे महादू, माझा दोस्त. तारापूरच्या वसाहतीत कापड रंगवायच्या एका कारखान्यात आम्ही दोघांनी जन्म काढला. तो रंगखात्यात, मी स्टोअरला. महादू जातीचा मांगेला, बापाची होडी, भाऊ दर्यावर जाणारे, आणि ह्या पठ्ठ्याला बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की ओकाऱ्या. भावांनी हसून हसून त्याला कारखान्यात धाडला. तिथे त्याला बुद्धिबळ सापडलं आणि मग त्याला कोणी हसलं नाही.

कँटीनमध्ये एक पट होता. प्लायवूडच्या तुकड्यावर काळ्या रंगानं घरं आखलेली, काळा एक हत्ती हरवलेला, त्याच्या जागी दोऱ्याची रिकामी कांडी. नियम दोनच. जिंकणाऱ्याची पांढरी, आणि शिवलं की चालवलं. महादूची पांढरी कधी सुटलीच नाही. माझ्याशी एकदा बरोबरी झाली होती, तीही भोंगा लवकर वाजला म्हणून. खेळताना तो बोलायचा नाही. तुमची चाल चुकली, सोंगटी भलत्या घरात गेली, शिवून सोडलीत, की पटाच्या कडेवर बोटानं दोनदा वाजवायचा. टक टक. त्या आवाजानं माझं डोकं फिरायचं. शिवी दिलेली परवडली.

घरीही तो मुकाच होता म्हणायला हवं. पाळी सुटली तरी कँटीनमध्ये पटावर बसायचा, आणि घरी पोचेपर्यंत पुष्पलता पहाटे बंदरावर जायचं म्हणून झोपलेली. संसार झाला, मुलगी झाली, उन्नती, तिचं लग्न होऊन ती विरारला गेली, पण नवरा-बायकोचं बोलणं म्हणाल तर मीठमिरचीपुरतं. "तुमचा पट हाय ना अण्णा, तो एक दिस चुलीत घालनार मी," असं ती मला हसत हसत बोलायची. हसत होती, पण घातलाही असता.

निवृत्त झाल्यावर थोड्याच दिवसांत महादू एका सकाळी अंगणात तोंड धुताना खाली बसला तो बसलाच. उजवं अंग गेलं. वाचा गेली. पालघरच्या इस्पितळातून घरी आणला तेव्हा तोंडातून फक्त "बा, बा" एवढंच निघायचं, आणि तेही लोकांसमोर निघालं की तो मान फिरवायचा. पुढे त्यानं तेही बंद केलं. नातेवाईक आले, बोंबलाच्या कालवणावर हात मारून गेले, आणि दारातच, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं, बोलले की आता हा माणूस म्हणजे ठेवलेला ओंडका. मी तिथे असतो तर एकेकाला ओंडका म्हणजे काय ते दाखवलं असतं.

कारखान्यात कँटीनची मोडतोड काढली होती. त्या भंगारातून मी पट उचलला आणि नवापूरला गेलो. महादू ओट्यावर खुर्चीत बसला होता. मी त्याच्यापुढे स्टूल ओढून पट ठेवला आणि सोंगट्या मुद्दाम वेड्यावाकड्या मांडल्या. तो बघत राहिला. मग डावा हात आला आणि त्यानं वजीर-राजाची अदलाबदल नीट केली, कांडी कोपऱ्यात नेऊन ठेवली, पांढरी स्वतःकडे घेतली. तासाभरात मी हरलो होतो. मधे माझा घोडा भलत्या घरात गेला तेव्हा डाव्या हाताचं बोट वाजलं. टक टक.

पुष्पलता दारात उभी होती. हातात बोंबलांची पाटी तशीच. तिनं ते बोट पाहिलं आणि ती पाटी खाली ठेवायची विसरली. मला वाटेला लावायला ती रस्त्यापर्यंत आली आणि म्हणाली, "अण्णा, सगळी बोलतात हे गेले. हे गेले नाय. हे आत हायेत."

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या मासळी बाजारात तिनं मला हाक मारली. "मला शिकवा."

मी म्हटलं, "वहिनी, ह्या वयात? गुडघ्याला बाशिंग बांधून?"

"तुमाला रोज नवापूरला यायला जमनार हाय? तुमचे गुडगे तर तुमच्याहून म्हातारे. मग? कोन खेळंल त्यांच्याशी?"

गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण ती ह्या बाईला भरपूर होती. बाजार ओसरला की दुपारी तिच्या वाट्याच्या जागेवर, थर्माकोलचा खोका उपडा घालून, आमची शाळा सुरू झाली. घरचा पट महादूकडे, म्हणून मी स्टेशनजवळून एक प्लास्टिकचा आणला. त्या प्याद्यांना अजूनही बांगड्याचा वास येतो. शेजारच्या बायका गंमत बघायला जमायच्या. एक म्हणाली, "पुष्पे, म्हातारपनी जुगार शिकतेस?" पुष्पलतानं तिच्यावर बर्फाचा खडा फेकला आणि मला विचारलं, "उंट असा तिरका का जातो? सरळ जायला काय झालं त्याला?"

तिला शिकवणं हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत त्रासाचं काम होतं. ती प्रत्येक नियमाचं कारण विचारायची. घोड्यावर तर आमचं भांडण झालं. अडीच घरं म्हणजे काय, अर्धं घर कुठलं मोजायचं, हे मला तिला पटवता येईना. शेवटी तीच म्हणाली, "समजलं. घोडा म्हंजे चिंबोरी. सरळ जातच नाय." हा खेकडा डोक्यात बसला आणि त्या दिवसानंतर तिचा घोडा कधी चुकला नाही. हे लक्षात ठेवा, मला पुढे त्याच्याशी काम आहे.

घरी ती रोज संध्याकाळी महादूसमोर बसायची आणि रोज हरायची. सुरुवातीला दहा-बारा चालींत. तो तिच्याकडे न बघता पटाकडे बघायचा, आणि बोट सारखं वाजायचं. दुसऱ्या दिवशी बाजारात ती मला तक्रार सांगायची, "तोंड चाललं असतं तर येवढं बोलले नसते. बोटानं शिव्या देतात मला." आणि सांगताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की मला भलतीकडे बघावं लागायचं. एवढा जन्म एका छपराखाली काढून नवरा तिला पहिल्यांदाच ओरडत होता, आणि तिला ते गोड लागत होतं.

उन्नतीनं विरारहून येऊन आईच्या मोबाईलवर बुद्धिबळ घालून दिलं. म्हणाली, ह्यावर सराव कर, लवकर सुधारशील. पुष्पलता दोन दिवस खेळली आणि सोडून दिलं. "मोबाईल हरला काय, जिकला काय, त्याला काय पडलंय? आनी तो शिव्या देत नाय."

पण ती एका जागी अडकली होती. महादूचा एक ठरलेला डाव होता, कँटीनपासूनचा. राजापुढचं प्यादं दोन घरं, आणि दुसऱ्याच चालीला त्याच्या शेजारचं प्यादं दोन घरं पुढे. फुकट, घ्या म्हणून. ते घेतलं की तुमचं मधलं प्यादं बाजूला सरकतं आणि महादूला वाट मोकळी होते. मग तो उंट, घोडा, हत्ती असा एकेक घेऊन अंगावर येतो. सराईत खेळणाऱ्याला ते पेलतं, नवख्याचं मढं पडतं. मी पुष्पलताला सांगितलं, ते प्यादं घेऊ नका, आपला उंट बाहेर काढा. ती हो म्हणाली. संध्याकाळी तिनं प्यादं घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. पुन्हा घेतलं. असे कितीतरी दिवस.

एकदा मी भडकलोच. "वहिनी, विष आहे ते विष! दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं," ती म्हणाली. "पन ती भवानी हाय."

मासे विकणाऱ्या बाईची भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. पहिलं गिऱ्हाईक मागेल त्या भावात द्यायचं, घासाघीस केली तरी द्यायचं, त्याला हात हलवत परत धाडायचं नाही. त्याचे पैसे कपाळाला लावायचे. पहिलं आलेलं नाकारलं तर सगळा दिवस बसून माश्या मारायच्या. हे पुष्पलताच्या आईनं तिला परकर नेसायच्या वयात सांगितलेलं, आणि तिच्या आईला तिच्या आईनं. आता डावातलं पहिलं जे समोर येतं ते नाकारायचं, हे तिच्या हाताला जमेचना. डोक्याला कळत होतं. हात घेऊन मोकळा व्हायचा.

मी म्हटलं, "पटावर कसली आलीय भवानी?"

"दिस तर तोच हाय ना," ती म्हणाली.

तिला उत्तर तिच्या बाजारातच मिळालं. एक खानावळीवाला होता. रोज सगळ्यांच्या आधी यायचा, अजून बर्फ फोडायचा असायचा तेव्हा. पापलेटांना हात घालून असा भाव सांगायचा की ऐकणाऱ्यानं तोंडात मारावी. आणि पुष्पलता देऊन टाकायची, कारण भवानी. कितीतरी महिने हे चाललं होतं. त्या सकाळी मी दूध घेऊन बाजारावरून चाललो होतो आणि माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्यानं भाव सांगितला. पुष्पलतानं पापलेट कागदात गुंडाळायला घेतले आणि मधेच थांबली. त्याच्याकडे बघत राहिली. मग कागद सोडला, पापलेट पाटीत टाकले, आणि म्हणाली, "तू मला प्यादं देतोस रे."

"क्या बोलती है मौसी?" तो म्हणाला.

"जा. नाय द्यायचं."

शेजारच्या बायकांनी हात तोंडाला लावले. खानावळीवाला पुटपुटत गेला. पुष्पलता बसली खरी, पण दुपारपर्यंत तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. त्या दिवशी धंदा झाला की नाही ते मी विचारलं नाही. एवढं मात्र कळलं की संध्याकाळी महादूनं प्यादं पुढे केलं आणि तिनं ते घेतलं नाही. तिनं उंट बाहेर काढला. महादूनं पहिल्यांदा पटावरून मान वर केली आणि तिच्याकडे बघितलं. "लगीन झाल्यापासून असं बघितलं नव्हतं," ती मला म्हणाली, आणि लाजली. ह्या वयात लाजली.

तिथून ती खरोखर सुधारली. हरायची, पण झुंजून हरायची. मला बाजारात दोनदा हरवलं. मी म्हटलं डोकं दुखत होतं; तिनं मला एक मांदेलीचा वाटा दिला, डोकेदुखीवर म्हणून. ते दिवस चांगले होते. आता सांगायचं ते चांगलं नाही.

एका सकाळी ती माझ्या घरी आली, बोईसरला, पिशवीत एक मोठं पापलेट घेऊन. गुरुदक्षिणा म्हणाली. "जिकले, अण्णा! ह्यांना मात दिली. आनी ह्यांनी काय केलं मायत हाय? डाव्या हातानं पट फिरवला. पांढरी माझ्याकडं केली."

मी उठून उभा राहिलो. जी पांढरी अख्ख्या कँटीनला सोडवता आली नाही ती हिनं सोडवली होती. मी म्हटलं, डाव सांगा, पहिल्यापासून मांडून दाखवा. तिनं मांडला. अर्ध्यावर आली आणि म्हणाली, "इथं ह्यांनी हत्ती माझ्या उंटासमोर ठेवला, मी घेतला."

"असाच? बदल्यात काही नाही?"

"काय नाय."

मी पापलेटाकडे बघत बसलो. महादू असा हत्ती सोडणारा नव्हता. तापात सोडला नसता, झोपेत सोडला नसता. त्याच दुपारी मी रिक्षा करून नवापूरला गेलो आणि त्याच्याशी खेळायला बसलो. त्यानं ठरलेलं प्यादं पुढे केलं. मी घेतलं. आणि पुढे काय करायचं ते त्याला आठवेना. उंट उचलला, तसाच हातात धरला, पुन्हा तिथेच ठेवला. शिवलं की चालवलं हा त्याचाच नियम. मग भलतंच प्यादं सरकवलं. मी त्याला अर्ध्या तासात हरवलं.

आयुष्यभर मला ह्या माणसाला हरवायचं होतं. रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, मी त्याला पुढे बघ म्हणून खेकसलो.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक बारीक झटके येत असतात, कळतही नाहीत, दर वेळी थोडं थोडं जातं. इलाज म्हणून गोळ्या होत्याच. त्यांनी आणखी एक वाढवली.

पुष्पलताला कसं सांगायचं ह्याची मी आठवडाभर जुळवाजुळव केली. तिनं मला तोंड उघडू दिलं नाही. "मासळी शिळी झाली की डोळ्यावरून कळती, अण्णा. मी काय येडी हाय?" मग खोक्यावरच्या सोंगट्या उगाच सारख्या करत विचारलं, "खरं सांगा. मी सुधारले, का ते गेले?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण ही बाई खोटं विकतही नव्हती आणि घेतही नव्हती. मी म्हटलं, "दोन्ही."

तिनं मान हलवली. म्हणाली, "मग मला आता हरायला शिकवा. त्यांना कळनार नाय असं."

हे मला चांगलं येत होतं. मी तिला शिकवलं: कुठला हत्ती कधी उघडा ठेवायचा, मात दिसत असून कशी चुकवायची, आणि चेहरा कसा पाडायचा. खरं सांगतो, जिंकण्यापेक्षा हे अवघड. समोरच्याच्या मोडक्या चालींतून त्याच्यासाठी वाट काढून द्यायची म्हणजे त्याच्यापेक्षा दुप्पट खेळता यावं लागतं. ती तेही शिकली. थोडे दिवस महादूची पांढरी महादूकडे परत आली. तो जेवू लागला, रात्री झोपू लागला. हिला वाटलं, जमलं.

मग एका संध्याकाळी त्याचा उंट तिरका जाता जाता मधेच वळला आणि भलत्याच घरात बसला. पांढऱ्या घराचा उंट काळ्या घरात. पुष्पलतानं बघितलं आणि आपली चाल केली. महादू पटाकडे बघत राहिला. मग त्यानं बोट उचललं आणि स्वतःच्याच उंटाशेजारी वाजवलं. टक टक. आणि तिच्याकडे बघितलं.

आपली चूक त्याला कळली होती, आणि ती तिनं पोटात घातली हेही कळलं होतं. ह्याआधीचे सगळे डाव कसे जिंकले तेही त्या क्षणी कळलं असणार. त्यानं डाव्या हातानं पट ढकलला, सोंगट्या ओट्याखाली रेतीत गेल्या. जन्मात त्यानं असं केलं नव्हतं. पुष्पलता कंदिलासारखी मोबाईलची बॅटरी धरून रेतीतून प्यादी वेचत राहिली. "मला लाज वाटली, अण्णा," तिनं सांगितलं. "ते आत बसून सगळं बघत हुते, आनी मी त्यांना ओंडका केला." कांडी काही सापडली नाही. तिनं तिच्या जागी एक शिंपला ठेवला.

त्यानंतर तिनं त्याला कधीही मुद्दाम जिंकू दिलं नाही. रोज संध्याकाळी ती पूर्ण ताकदीनं खेळायची आणि रोज त्याला हरवायची. मी विचारलं, कसं करवतं तुम्हाला? ती म्हणाली, "त्यांना तेच पायजे. चुकलो तर चुकलो बोल, असं." आणि त्यांच्यात एक नवीन रीत पडली. त्याची चूक झाली की ती बोट वाजवायची. तिची झाली की तो. तिची क्वचितच व्हायची. पण झाली की तो पकडायचा, आणि त्या दिवशी ती बाजारात मला पहिल्यांदा तेच सांगायची. "काल वाजवलं. मी राजा शहातच ठेवला हुता, लगेच वाजवलं."

त्याचं एकेक जात राहिलं. पहिल्यांदा राजा-हत्तीचा किल्लेकोट गेला. मग हत्ती कुठून निघतो ते. मग त्याला आपली पांढरी की काळी तेही राहीना, दोन्ही बाजूंच्या सोंगट्या हलवायचा. उन्नती आली, तिनं बघितलं आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "आई, आता पुरे ना. त्यांना काही कळत नाही. दोघांनाही त्रास कशाला?"

"बोट वाजवतात ते," पुष्पलता म्हणाली.

"सवयीनं वाजवत असतील."

"नाय. त्यांच्या हातून घोडा चुकला की वाजवतात. बाकी सगळं गेलं, घोडा नाय गेला. जवर बोट वाजतंय तवर ते आत हायेत. तू विरारला जा."

मुलीशी असं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मुलगी रडत गेली. मला मुलीचंही काही चुकलं असं वाटलं नाही.

परवा मी नवापूरला गेलो होतो. दुपारची वेळ, समोर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वारा पडलेला. महादूला तिनं आंघोळ घालून, केस विंचरून खुर्चीत बसवला होता. तो मला बघून हसला. पाहुण्याला बघून हसतात तसा. मी "काय महादू," म्हटलं, त्यानं पुन्हा तसंच हसून दाखवलं.

पुष्पलतानं पट मांडला. पांढरी तिच्याकडे, कारण जिंकणाऱ्याची पांढरी. तिनं प्यादं सरकवलं. त्यानं शिंपला उचलला, बघितला, खाली ठेवला. तिनं बोट वाजवलं. त्यानं ऐकलं नाही. मग तिनं घोडा उचलला आणि नाकासमोर दोन घरं सरळ नेऊन ठेवला.

मी दचकलो. घोडा म्हणजे चिंबोरी, सरळ जातच नाही, हे ह्या बाईनं मला सांगितलेलं. तिचा घोडा चुकणं शक्य नव्हतं. मग माझ्या लक्षात आलं. ती पटाकडे बघतच नव्हती. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती.

हात मांडीवर होता. बोटं पसरलेली, नुकती आंघोळ झालेली स्वच्छ बोटं. एक माशी येऊन अंगठ्यावर बसली, उडाली.

"अवो," ती म्हणाली. "घोडा बघा माझा."

तो तिच्याकडे बघून हसला. माझ्याकडे बघून हसला होता तसाच.

"घोडा चुकला माझा. बघा की."

मला सहन झालं नाही. माझा हात आपोआप पुढे गेला आणि मी पटाच्या कडेवर बोट वाजवलं, टक टक, त्याच्यासारखं. तिनं माझं मनगट धरलं. मासे कापणाऱ्या बाईचा हात तो, मला हाडापर्यंत कळला.

"तुमी नको, अण्णा," ती म्हणाली.

मी हात मागे घेतला. तिनं घोडा उचलून जागेवर ठेवला नाही. तो तसाच चुकलेल्या घरात राहू दिला, पदरानं महादूच्या ओठाकडेची लाळ पुसली, आणि त्याची चाल यायची वाट बघत बसली.